आजीच्या ओव्या आणि दोन फाईली: घरचं रेकॉर्डिंग एडिट आणि एक्सपोर्ट करताना



आज आपण बोलणार आहोत रेकॉर्डिंग झाल्यानंतरच्या कामाबद्दल. म्हणजे मोबाईलवर गाणं रेकॉर्ड तर केलं, आता त्याचं करायचं काय? कापायचं कसं, साफ कसं करायचं, आणि शेवटी कुठल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढायचं? ऐकताना या पायऱ्या लिहून घ्यायला कोणाचा हात मोकळा नसतो. कोणाच्या हातात बसचा दांडा असतो, कोणाच्या हातात झाडू. म्हणून हा भाग इथे लिहून देतेय. बोलले तसाच ठेवलाय, फक्त माझं दर दोन वाक्यांनी येणारं "काय होतं ना" जरा कमी केलंय.

सुरुवात माझ्याच एका मूर्खपणापासून करते.

एक फाईल मी घालवली

माझी आजी वाई तालुक्यातल्या एका गावात राहते. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. येतात म्हणजे किती, ते तिलाही माहीत नाही. एक आठवली की तिला धरून दुसरी येते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत, चकल्या तळता तळता ती गुणगुणायला लागली आणि मी फोन काढला. अकरा मिनिटं मिळाली. मी खूष!

मग मी काय केलं? फोनमधल्याच एका अ‍ॅपमध्ये सुरुवातीचं बोलणं कापलं आणि एमपीथ्री म्हणून सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, शेवटही कापूया. तीच एमपीथ्री उघडली, कापली, परत एमपीथ्री. मग आवाज बारीक वाटला म्हणून वाढवला, परत एमपीथ्री. मग ती घरच्या ग्रुपवर टाकली. फोन भरला होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंग उडवलं. वर्षभराने फोन बदलला तेव्हा ग्रुपवरचीच फाईल उतरवून घेतली. माझ्याकडे आता तेवढीच आहे.

ती आज ऐकली तर आजी पाण्याखालून गातेय असं वाटतं. "स" आणि "श" फुसफुसतात. बांगड्यांचा आवाज तर चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखा येतो. आणि हे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत जागेवर येत नाही. जे फेकलं ते गेलं.

गेल्या पावसाळ्यात आजीला अर्धांगाचा झटका आला. ती बरी आहे, हळूहळू चालते, एकेक शब्द बोलते. पण गाणं गेलं. म्हणजे सूर लागत नाही असं नव्हे, शब्दच वेळेवर जिभेवर येत नाहीत.

तेव्हा घरात शोधाशोध सुरू झाली की आजीचं आणखी कुठे काही आहे का. आणि चुलतभावाच्या जुन्या फोनमध्ये एक फाईल सापडली. ताईच्या हळदीची. आमच्याकडे हळदीला जातं पूजतात, बायका त्यावर हळद दळतात आणि ओव्या म्हणतात. नऊ मिनिटांची फाईल, कोणीही हात न लावलेली. पण तीत काय काय होतं? शेजारी उभा पंखा, आतून मिक्सर, बाहेर कुत्रं, आणि बायका एकदम हसल्या की आवाज फाटतो.

आजचा सगळा भाग त्या नऊ मिनिटांवर आहे. मी काय केलं, काय करता करता थांबले, आणि शेवटी काय बाहेर काढलं.

पायरी शून्य: मूळ फाईलला हात लावायचा नाही

आमच्या गल्लीत एक दादा आहे, लग्नाच्या ऑर्केस्ट्राचा साऊंड बघतो. मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "अगं, कॉपी केलीस का?" मी म्हटलं, नाही. त्याने लॅपटॉप बंद केला. "आधी कॉपी कर, मग ये."

तर पायरी शून्य हीच. मूळ फाईलच्या दोन कॉपी, दोन वेगळ्या ठिकाणी. एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राईव्हवर किंवा ऑनलाईन ड्राईव्हवर. एकाच फोनमधल्या दोन फोल्डरमध्ये ठेवलेल्या कॉपी म्हणजे दोन कॉपी नव्हेत, कारण फोन पडला की दोन्ही जातात.

फाईलचं नाव बदला. "रेकॉर्डिंग ००४७" असं नाव दोन वर्षांनी कोणालाच काही सांगत नाही. मी नाव दिलं: आजी, ओव्या, ताईची हळद, वर्ष, आणि शेवटी "मूळ". हा "मूळ" शब्द म्हणजे स्वतःलाच घातलेली तंबी. हिच्यावर काम करायचं नाही.

फोनमधून कॉम्प्युटरवर फाईल नेताना केबल लावा, नाहीतर ड्राईव्हवर चढवून उतरवा. चॅटमधून स्वतःला पाठवायची सवय असेल तर ती "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून पाठवली तर वाटेत तिचा आकार कमी केला जाऊ शकतो.

आवाजाचे आकडे होतात म्हणजे काय

हे थोडं समजून घेतलं की पुढचे सगळे पर्याय सोपे जातात.

आवाज म्हणजे हवेतला दाब वरखाली होणं. माईक त्याची वीज करतो आणि फोन ती वीज सेकंदाला हजारो वेळा मोजतो. सीडीमध्ये हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होतं. हा झाला सॅम्पल रेट. इतकं का? माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि एखादा आवाज पकडायचा तर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं. व्हिडिओमध्ये ४८,००० वापरतात.

दुसरा आकडा बिटचा. प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने केलं ते. १६ बिट म्हणजे ६५,५३६ खुणांची पट्टी. एक बिट वाढला की साधारण ६ डेसिबलची जागा वाढते, म्हणून १६ बिटला ९६ डेसिबलच्या आसपास जागा मिळते. घरच्या कामाला भरपूर झाली.

आता गुणाकार करा. ४४,१०० गुणिले १६ गुणिले २, कारण स्टिरिओला दोन चॅनेल. येतात सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. नऊ मिनिटांच्या ओव्या स्टिरिओ वेव्ह फाईलमध्ये सुमारे ९५ एमबी, आणि मोनोमध्ये त्याच्या निम्म्या.

मग एमपीथ्री इतकी लहान कशी? तर ती फेकून देते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. "एमपी३" हे फाईलचं शेपूट १९९५ मध्ये ठरलं. तिची युक्ती अशी: मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला तसाही कळत नाही. ढोल वाजत असताना कोणी बोटं मोडली तर कोणाला ऐकू येणार? मग ते आवाज ठेवायचेच कशाला?

युक्ती झकास आहे. पण ब्रँडेनबुर्ग यांनीच सांगितलेली गोष्ट ऐका. एमपीथ्रीची कसोटी घ्यायला त्यांनी सुझॅन व्हेगा या गायिकेचं "टॉम्स डायनर" हे गाणं वापरलं. त्यात एकही वाद्य नाही, नुसता बाईचा आवाज. भरगच्च वाद्यमेळात जे दोष लपतात ते मोकळ्या आवाजात उघडे पडतात. आता सांगा, जात्यावरच्या ओव्या कशा असतात? नुसता बाईचा आवाज! म्हणजे मी घालवलेली फाईल इतकी वाईट का वाजते, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं असं. एमपीथ्री उघडून, कापून परत एमपीथ्री केली की फेकाफेक परत होते. आधीच फेकलेल्यातून आणखी फेकलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. माझ्या फाईलची निदान तीनदा तरी झाली होती.

सॉफ्टवेअर कुठलं

मी ऑडॅसिटी वापरलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते लिहायला घेतलं आणि २००० मध्ये लोकांसाठी खुलं केलं. उतरवताना ऑडॅसिटीच्या स्वतःच्या साईटवरूनच उतरवा.

मोबाईलवर ते चालत नाही. फक्त फोन असेल तर बँडलॅब आहे, आयफोनवर गॅरेजबँड आहे. बटणं वेगळी, पण आज सांगतेय ते सगळं तिथेही लागू पडतं. तरी माझा सल्ला, असं जपून ठेवायचं काम असेल तर एका दुपारपुरता कोणाचा तरी लॅपटॉप मागून आणा.

एक अडचण पहिल्यांदाच येईल. फोनचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा एमफोरए प्रकारचं असतं. विंडोजवर ते ऑडॅसिटीत उघडायला एफएफएमपेग नावाची फुकट लायब्ररी वेगळी टाकावी लागते. एकदा टाकली की झालं.

कानात काय घालायचं? वायरचे हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा येतो आणि वाटेत परत आकुंचित होतो. कापायची जागा ठरवताना दोन्ही नडतात.

सेव्ह आणि एक्सपोर्ट: पीठ आणि भाकरी

नवीन माणूस इथे हमखास गडबडतो, म्हणून आधीच सांगते.

ऑडॅसिटीत "सेव्ह प्रोजेक्ट" केलं की एयूपी३ प्रकारची फाईल तयार होते. ती फक्त ऑडॅसिटीत उघडते. म्युझिक प्लेअरमध्ये वाजत नाही, मावशीला पाठवली तर मावशी फोन करून विचारते, "हे काय पाठवलंस गं?" एक्सपोर्ट केलं की वेव्ह, फ्लॅक, एमपीथ्री असं काहीतरी बाहेर येतं, ते सगळीकडे वाजतं.

प्रोजेक्ट म्हणजे मळलेलं पीठ. एक्सपोर्ट म्हणजे भाजलेली भाकरी. पीठ आहे तोवर हवी तेवढी, हव्या त्या आकाराची भाकरी करा. पण भाकरीचं परत पीठ होत नाही. म्हणून बदल करायचा तर नेहमी प्रोजेक्ट उघडून करायचा आणि तिथूनच नवीन एक्सपोर्ट काढायचा. एमपीथ्री उघडून त्यात बदल करायचा नाही. कधीच नाही.

आता साफसफाई, क्रमाने

एक. आधी नुसतं ऐका. पूर्ण नऊ मिनिटं, काहीही न करता. मी वहीत वेळा लिहिल्या. ०:००, पंखा. २:१४, मिक्सर. ३:४०, हसणं, फाटलं. ५:०५, कुत्रं. ७:३०, आजी खोकली. हा कागद म्हणजे कामाची यादी.

दोन. फाटलेल्या जागा बघा. आकड्यांची पट्टी वर जिथे संपते ती जागा म्हणजे शून्य डेसिबल. आवाज त्याच्याही वर गेला की लाटेचं टोक कापलं जातं, सपाट होतं. याला क्लिपिंग म्हणतात. व्ह्यू मेन्यूमध्ये क्लिपिंग दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला की फाटलेल्या जागी लाल रेघा दिसतात. थोडंसंच फाटलं असेल तर "क्लिप फिक्स" हा इफेक्ट शेजारच्या लाटेवरून अंदाज बांधून टोक परत काढतो. अंदाजच तो. माझ्या सहा लाल जागांपैकी चार बऱ्या झाल्या. दोन जागी बायका जोरात हसल्यात, तिथे तसंच राहिलं. राहू दे. लोक हसले हे तर खरंच आहे!

यातून पुढच्या वेळेसाठी शिका. रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज मायनस ६ डेसिबलच्या आसपास राहायला हवा. फोनमध्ये मीटर नसेल तर फोन हातभर लांब धरा. बारीक आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला पूर्ण शिवता येत नाही.

तीन. पंखा. "नॉइज रिडक्शन" दोन टप्प्यांत चालतं. आधी त्याला नुसता गोंगाट ऐकवायचा. जिथे कोणी गात-बोलत नाही, फक्त पंखा आहे, असा एखादा-दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा आणि "गेट नॉइज प्रोफाईल" दाबायचं. मग पूर्ण ट्रॅक निवडून परत तोच इफेक्ट उघडायचा आणि किती कमी करायचं ते सांगायचं. नशिबाने भावाने रेकॉर्डिंग आधीच चालू केलं होतं. आजी पदर सावरत होती, त्या चार सेकंदांत पंख्याशिवाय काही नव्हतं.

इथे मी दुसऱ्यांदा माती खाणार होते. मला वाटलं पंखा नकोच, पूर्ण जाऊ दे. आकडा २४ डेसिबलवर नेला. पंखा गेला, पण आजीच्या ओवीतला प्रत्येक शेवटचा "स" पण गेला, आणि आवाजामागे बारीक किणकिण यायला लागली. का? कारण पंख्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि "स" सुद्धा तसाच असतो. कॉम्प्युटरला दोघांतला फरक फार कळत नाही. दादा म्हणाला, "पंखा घालवायचा नाही, मागे सरकवायचा." ६ ते १२ डेसिबलमध्ये थांबा. मी ८ वर थांबले. पंखा आहे, पण आता तो पडवीच्या पलीकडे गेल्यासारखा वाटतो.

हे काम आवाज वाढवायच्या आधी करा. आधी वाढवलंत तर पंखाही वाढतो.

मिक्सरला मात्र ही युक्ती चालत नाही. त्याचा आवाज दर क्षणाला बदलतो, मग प्रोफाईल कशाची घेणार? माझा मिक्सर दोन ओव्यांच्या मधे आला होता, म्हणून तो तुकडा कापला.

चार. घरघर. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. फ्रिज, चार्जर यांची घरघर म्हणून ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत, १०० वर, १५० वर येते. बायकांच्या गाण्याच्या आवाजात ८० हर्ट्झच्या खाली कामाचं काही नसतं. म्हणून "हाय पास फिल्टर" ८० वर लावला. खालची गुरगुर गेली, फोनला लागलेल्या हाताचे धप्पेही गेले. पण थांबा, जात्याची घरघर? तीही खालच्याच पट्ट्यांत असते! मी आधी १५० ठेवून पाहिलं तर जातंच हलकं झालं, खेळण्यातलं वाटायला लागलं. ८० वर आणलं, जातं परत आलं. तुमच्याकडे तबला, ढोलकी, मृदंग असेल तर याहून जपून. डग्ग्याचा सगळा जीव खालीच असतो.

पाच. कापाकापी. मधेच कापलं की "टक्" असा आवाज येतो. लाट वर असताना तोडली म्हणून. तुकडा निवडून झेड दाबलं की ऑडॅसिटी निवडीच्या कडा लाट शून्यावरून जाते त्या जागी सरकवतं. मग कापा, टक् येत नाही. सुरुवातीला छोटा फेड इन, शेवटाला दोन-तीन सेकंदांचा फेड आऊट.

श्वास कापू नका. गाणाऱ्याचा श्वास कापला की माणूस मशीन होतो. ओवी चार चरणांची, प्रत्येक ओवीनंतर आजी दम घेते आणि जातं एक फेरी रिकामं फिरतं. मी उत्साहाने ती रिकामी फेरी कापून "घट्ट" करत होते. तिसऱ्या ओवीपर्यंत ऐकलं तर मलाच दम लागला! कंट्रोल झेड, कंट्रोल झेड. सगळं परत आणलं.

सहा. आवाजाची पातळी. दोन जागी सगळ्या बायका एकदम म्हणतात, तिथे "अ‍ॅम्प्लिफाय"ने ४ डेसिबल कमी केलं. मग सगळ्यात शेवटी "नॉर्मलाईज", मायनस १ डेसिबलवर. शून्यावर का नाही? एमपीथ्री होताना लाटेची टोकं थोडी हलतात आणि शून्यावर ठेवलं असेल तर परत फाटू शकतात. पॉडकास्टसाठी काढणार असाल तर "लाउडनेस नॉर्मलायझेशन" वापरा. अ‍ॅपलची पॉडकास्टसाठीची शिफारस मायनस १६ एलयूएफएस आहे. हे माप लाटेच्या टोकाचं नसतं, एकूण कानाला किती मोठं वाटतं त्याचं असतं.

काय काढायचं नाही

यादीतलं कुत्रं मी ठेवलं. आजीचा खोकला ठेवला. आणि सहाव्या मिनिटाला आत्या म्हणते, "वहिनी, पुढची म्हणा की," ते तर ठेवलंच. कारण आत्या आता नाही.

स्टुडिओचं गाणं आणि घरचं रेकॉर्डिंग यांच्यात हा फरक आहे. स्टुडिओत गाण्याशिवाय जे येतं तो कचरा. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यातलंच अर्धं आपलं घर असतं. माझी कसोटी सोपी आहे. या आवाजामुळे ओवीचा शब्द ऐकू येत नाही का? येत नसेल तर काढा. येत असेल तर राहू द्या.

आणि हे फक्त आपल्याच आठवणींपुरतं नाही बरं का. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त! "पारी" या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज ऐकता येतात. कोणीतरी टेप लावला, गाणारीचं नाव-गाव लिहिलं, आणि टेप जपली, म्हणून त्या आहेत.

एक्सपोर्ट: एकाच पिठाच्या तीन भाकरी

मी तीन फाईली काढल्या.

पहिली, ठेवणीतली. फ्लॅक. यात आकार कमी होतो पण एकही आकडा फेकला जात नाही, झिप फाईलसारखं. वेव्ह ठेवली तरी चालेल, फक्त जागा जास्त लागते आणि गायकाचं नाव, वर्ष ही माहिती फ्लॅकमध्ये नीट बसते. सॅम्पल रेट मूळ फाईलचा होता तोच ठेवला. ४४,१०० ची फाईल ९६,००० वर नेऊन ती चांगली होत नाही, नुसती जाडी होते.

दुसरी, नातेवाइकांसाठी. एमपीथ्री, मोनो, १२८ केबीपीएस. माईक एकच होता, मग स्टिरिओ कशाला? हिशोब बघा. १२८ हजार बिट सेकंदाला, म्हणजे मिनिटाला एक एमबीच्या जरा खाली. नऊ मिनिटांचे साडेआठ एमबी. कोणाचाही डेटा संपत नाही. तुमच्याकडे स्टिरिओमध्ये पेटी, तबला, टाळ असं सगळं असेल तर १९२ किंवा त्याहून वर जा. नुसतं बोलणं असेल तर मोनो ६४ सुद्धा पुरतं.

तिसरी, ऑनलाईन चढवायची असेल तर वेव्ह. कारण तिकडे चढवल्यावर ते लोक आपापल्या पद्धतीने परत आकुंचित करणारच. आपण आधीच एमपीथ्री दिली तर झेरॉक्सची झेरॉक्स.

एक्सपोर्ट करताना माहिती भरायची चौकट येते. गायक, शीर्षक, वर्ष. कंटाळा करू नका, भरा. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गेसबर्ग यांनी गौहर जान यांच्या तबकड्या रेकॉर्ड केल्या तेव्हा ही चौकट नव्हती. तबकडी छापायला जर्मनीला जायची, तिथल्या माणसाला कोण गातंय ते कळणार कसं? म्हणून तीन मिनिटांचं गाणं संपलं की गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. आज सव्वाशे वर्षांनीही ते नाव त्या गाण्याला चिकटून आहे. तुम्हीही रेकॉर्ड सुरू करताना बोला: नाव, गाव, तारीख. आणि मग पाच सेकंद सगळे गप्प. तो तुमचा नॉइज प्रोफाईल!

शेवटचं काम. एक्सपोर्ट झालेली फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. हेडफोनवर एकदा, फोनच्या साध्या स्पीकरवर एकदा. कारण मावशी हेडफोन लावणार नाही. सगळं ठीक वाटलं तरी मूळ फाईल उडवायची नाही. मूळ, प्रोजेक्ट आणि फ्लॅक, तिन्ही ठेवा.

आजीने काय म्हटलं

गेल्या महिन्यात गावी गेले. छोटा स्पीकर नेला होता. आजी कॉटवर बसली होती, मी शेजारी. लावलं.

पहिल्या ओवीला ती नुसती स्पीकरकडे बघत होती. दुसऱ्या ओवीला तिचा उजवा हात गुडघ्यावर गोल फिरायला लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. आत्याचा आवाज आला तेव्हा थांबला, मग परत फिरायला लागला. चौथ्या ओवीचा शेवटचा शब्द तिने स्पीकरबरोबर म्हटला. एकच शब्द. पण वेळेवर.

संपल्यावर मी विचारलं, "आज्जे, बरं आलंय का? पंखा कमी केला मी."

तिने बराच वेळ घेतला. मग एकेक शब्द काढत म्हणाली, "पंखा... कशाला घालवलास? उकडत व्हतं की... त्या दिशी."

म्हणून ८ डेसिबल. मंडळी, या रविवारी घरातल्या एका माणसासमोर फोन हातभर लांब धरा, नाव-गाव-तारीख बोला, पाच सेकंद गप्प राहा, आणि गाऊ द्या. एडिटिंग नंतर कधीही होईल. मूळ फाईल तेवढी उडवू नका.

भेटू पुढच्या भागात!